दरोड्यानंतर शेजारच्यांची झोप

४ जून २०२३ रोजी, रविवारी दुपारी सांगलीतील मिरज रस्त्यावरच्या रिलायन्स ज्वेल्सच्या दालनावर सशस्त्र दरोडा पडला. कोट्यवधींचे दागिने लुटले गेले. अशा वेळी पंचनाम्यात सोन्याची नोंद होते. आसपास राहणाऱ्यांच्या भीतीची होत नाही.

झोप उडणे, फटाक्याच्या आवाजानेही छातीत धडधडणे, त्या रस्त्याने जाणे टाळणे हा भित्रेपणा नव्हे. धोका ओळखणारा मेंदूतील ‘अमिग्डाला’ हा भाग घटनेनंतरही काही काळ सावध राहतो. बहुतेकांचा त्रास हळूहळू ओसरतो. तो महिनाभरानंतरही कायम राहिला, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत मदत मिळते.

दरोड्याची सीसीटीव्ही दृश्ये पुन्हा पुन्हा पाहू नयेत आणि व्हॉट्सॲपवर पुढेही पाठवू नयेत. त्याने भीती ताजी राहते. घाबरलेल्याला ‘विसरून जा’ म्हणण्यापेक्षा त्याचे ऐकून घ्यावे; मात्र बोलण्याची सक्ती करू नये. दरोड्यानंतर परिसरात पोलिसांची गस्त वाढते. तशीच आरोग्य कर्मचाऱ्यांनीही घरोघरी जाऊन, विशेषतः मुले आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, विचारपूस करायला हवी. तपास लांबू शकतो. या कामाला तपास संपण्याची वाट पाहावी लागत नाही.