त्या चमकणाऱ्या केसाला हात लावू नका!

अमरावती-अकोल्यातल्या माझ्या मायबापहो,

फायबर जोडायला आलेला पोरगा निघून गेला की लगेच झाडू मारू नका. जरा खाली वाका. उजेडाच्या दिशेला तोंड करून फरशीवर तिरकी नजर टाका. केसासारखं काही चमकलं का? तो केस नाही. ती काच आहे.

इंटरनेट घेऊन घरात येणाऱ्या फायबरच्या पोटात काचेचा धागा असतो. वरची सगळी सालं काढली की तो 125 मायक्रॉनचा उरतो, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. कनेक्टर बसवताना त्याचं टोक छाटावंच लागतं. छाटलेला तुकडा उडतो आणि सतरंजीच्या विणीत, पायपुसण्यात, चपलेच्या तळाला जाऊन बसतो. तिथंच तुमचं रांगतं लेकरू हात टेकवतं. तोच हात तोंडात घालतं. बोटात रुतलेली ही काच सलत राहते, पण शोधूनही दिसत नाही. डोळ्यात गेली तर एकदा चोळणंसुद्धा महागात पडतं.

हे टाळणं तुमच्याच हातात आहे. काम सुरू होण्याआधी लेकरांना दुसऱ्या खोलीत न्या. पंखा बंद करा. मे महिन्यातल्या अकोल्यात हे सांगणं जिवावर येतं, मलाही कळतं. पण दहा मिनिटं बंद ठेवाच. जोडणाऱ्याला काळा पुठ्ठा द्या, त्यावर तुकडे उठून दिसतात. झाकणाची एक रिकामी बाटली द्या. प्रत्येक तुकडा तिच्यातच गेला पाहिजे. नंतर फरशीवर चिकटपट्टी दाबून दाबून फिरवा. आणि चहा? आपल्या वऱ्हाडात आल्यागेल्याला चहा दिल्याशिवाय राहवत नाही. द्या, जरूर द्या. पण काम संपल्यावर, हात धुतल्यावर, दुसऱ्या खोलीत.

आता जोडणी करणाऱ्या पोरांनो, तुमच्याशी बोलतो. उन्हातान्हात शिडी खांद्यावर घेऊन तुम्ही गल्लोगल्ली फिरता. घरी आई वाट पाहते. म्हणून सांगतो, दातांनी साल सोलू नका. विजेच्या वायरीवर लागलेली ती सवय इथं जिभेत काच घालते. बोटानं टोक चाचपू नका. साधा पारदर्शक गॉगल डोळ्यांवर असू द्या. तुकडा पँटला पुसू नका, तीच पँट घरी धुवायला पडते.

एक गफलत तर फार धोक्याची आहे. फायबर प्लास्टिकचंही असतं. टीव्हीपासून साउंडबारपर्यंत जाणारं, कारखान्यातल्या काही यंत्रांत बसवलेलं. ते जाड असतं, बहुधा एक मिलिमीटरचं, आणि त्याच्या टोकाला लाल उजेड दिसतो. ते काचेसारखं रुतत नाही. त्यावर हात बसला की माणूस काचेच्या धाग्यालाही तसंच हाताळू लागतो. थांबा! हातात काय आहे ते आधी ओळखा.

प्लास्टिकचंही तंत्र आहे. पक्कडीनं तोडलं की टोक चेपतं, तडकतं. नवं धारदार पातं घ्या, एका घावात सरळ कापा. मग बारीक पॉलिश पेपरवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखं हळूहळू फिरवा आणि भुकटी ओल्या फडक्यानं टिपा. लायटरनं साल जाळू नका, आतला धागाही पेट घेतो. थिनर लावू नका, प्लास्टिक भेगाळतं. वाटीच्या काठापेक्षा घट्ट वाकवू नका. साधारण 70 ते 85 अंशांपलीकडे ते टिकत नाही. तापलेल्या यंत्राच्या अंगाला चिकटवून नेऊ नका.

आता पुन्हा काचेकडे. तिचा दुसरा धोका तुकड्यांहून लबाड आहे. काचेच्या फायबरमधला उजेड डोळ्यांना दिसतच नाही. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही. घरापर्यंत येताना तो क्षीण होतो हे खरं, पण मुख्य लाइनीतला तसा नसतो. तुटून लोंबणारी केबल कुठून आली हे तिच्याकडे पाहून कळत नाही. मग टोकात डोकावून ‘चालू आहे का’ हे बघायचंच कशाला? उजेड मोजणारं मीटर लावा. मीटर नसेल तर ती बंदच आहे असं कधीही समजू नका.

ही गोष्ट आता शहरापुरती राहिलेली नाही. 2011 साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेतून हा धागा ग्रामपंचायतींपर्यंत निघाला. मेळघाटातलं हरिसाल डिजिटल गाव म्हणून ओळखलं गेलं. पावसाळ्यात फांदी पडते, केबल तुटते, रस्त्यावर लोंबते. पोट्टे तिची दोरी करून खेळतात. जत्रेतल्या झगमगत्या दिव्याचे प्लास्टिकचे धागे त्यांनी हाताळलेले असतात. हेही तसंच, असं त्यांना वाटतं. त्यांना कोण सांगणार? तुम्हीच. आज संध्याकाळी जेवताना सांगा. शाळेत गुरुजींना, बाईंना सांगायला लावा. लोंबणारी केबल दिसली तर तिला हात न लावता तिथं कुणाला तरी उभं करा आणि केबलवाल्याला कळवा.

तरीही काच रुतलीच तर दाबू नका, चोळू नका. चिमट्यानं किंवा चिकटपट्टीनं अलगद काढा. डोळ्यात गेली असेल तर स्वच्छ पाणी सोडा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. सकाळपर्यंत थांबू नका.

आणि ती झाकणाची बाटली आत्ताच काढून ठेवा. भरली की झाकण घट्ट लावा, चिकटपट्टीनं बंद करा, वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहा आणि मगच घंटागाडीवाल्या भावाच्या हातात सांगून द्या. त्याच्याही घरी लेकरं आहेत.