पिठाचा गहू करतो कोण?

मे २०१७ मध्ये झोमॅटोच्या सुमारे १ कोटी ७० लाख ग्राहकांच्या नोंदी चोरीला गेल्या. कंपनीच्या पहिल्या निवेदनात धीर देणारे एक वाक्य होते: पासवर्ड हॅश केलेले आहेत आणि हॅशवरून मूळ पासवर्ड काढता येत नाही. नंतरच्या खुलाशात मात्र सूर उतरला. ६६ लाख ग्राहकांचे हॅश चोरांच्या हाती आहेत, ते तत्त्वतः फोडता येतील, तेव्हा हाच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तोही बदला, असे कंपनीला सांगावे लागले.

पहिल्या वाक्यात शब्दशः खोटे काही नव्हते. म्हणूनच त्याचे खंडन करणे भाग आहे. सरळ थाप असती तर तिच्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाता आले असते. ‘हॅश उलटा फिरत नाही, सबब काळजी नको’ हा युक्तिवाद जगभरच्या कंपन्या चोरी झाली की पुढे करतात. त्यातला ‘सबब’ तेवढा चुकीचा आहे.

हॅश म्हणजे एक प्रकारची गिरणी. वरून पासवर्ड टाकायचा, खाली ठरावीक लांबीची चिन्हे पडतात. ‘१२३४५६’ हा पासवर्ड एमडी५ या जुन्या पद्धतीने दळला की जगातल्या कोणत्याही संगणकावर तीच ३२ चिन्हे मिळतात. साइटने मूळ गहू ठेवायचा नाही, पीठ ठेवायचे. लॉगिनच्या वेळी टाइप केलेला पासवर्ड पुन्हा दळायचा आणि दोन्ही पिठे ताडून पाहायची. पिठाचा गहू होत नाही, हे खरेच. पण चोराला तो करायचाच नसतो. तो घरी तीच गिरणी मांडतो, बाजारात मिळेल तो गहू दळतो आणि कुठले पीठ जुळते ते बघत बसतो.

गव्हाचा बाजारही तयारच आहे. डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू या अमेरिकी कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. तिने ते दळलेही नव्हते, होते तसे साठवले होते. त्यात नुसता ‘१२३४५६’ सुमारे २ लाख ९० हजार लोकांचा होता. पुनरावृत्ती काढून उरलेली १ कोटी ४० लाखांहून मोठी यादी आज काली लिनक्स या प्रणालीबरोबर आयतीच मिळते. फोडाफोडीची हॅशकॅटसारखी अवजारे अशा यादीवर ‘नियम’ चालवतात: पहिले अक्षर कॅपिटल कर, ‘ए’च्या जागी ‘@’ घाल, शेवटी १२३ किंवा जन्मसाल जोड. घरच्या गणपतीचे नाव, मग ‘@’, मग मुलीचे जन्मसाल, एवढे करून आपण मोठी हुशारी केली असे ज्याला वाटते, त्याची हुशारी त्या नियमांत आधीच नोंदलेली असते.

‘पण तीन वेळा चुकले की खाते बंद होते ना?’ होते, पण ते दुकानाच्या गल्ल्यावर. चोराने वहीच घरी नेली आहे, तिथे त्याला तिसऱ्या खेपेला हटकणारे कोणी नाही. त्याच्या घरची गिरणी किती वेगाने चालते? पोरे ज्यावर गेम खेळतात ते एनव्हिडियाचे एक आरटीएक्स ४०९० कार्ड विंडोजच्या एनटीएलएम पद्धतीचे सुमारे २८८ अब्ज हॅश एका सेकंदात काढते. कीबोर्डवरच्या ९५ चिन्हांतून आठ अक्षरी पासवर्ड सुमारे ६६ लाख अब्ज होतात. हे सगळेच्या सगळे दळायला त्या एकट्या कार्डाला साडेसहा तासही लागत नाहीत.

जून २०१२ मध्ये लिंक्डइनचे ६५ लाख हॅश एका रशियन संकेतस्थळावर उघडे पडले. पद्धत होती एसएचए-१, आणि पिठात मीठ नव्हते. मीठ, म्हणजे सॉल्ट, हा या धंद्यातलाच शब्द: दळण्याआधी प्रत्येकाच्या पासवर्डात वेगळी चिमूट टाकायची, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळे पडते. मीठ नसले की एकदा दळलेला दाणा लाखो खात्यांशी एका दमात ताडता येतो. मीठ घालण्याची ही युक्ती बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्सच्या संदर्भात १९७९ साली छापून सांगितली होती. त्याच लेखात त्यांनी ३,२८९ खरे पासवर्ड तपासून ८६ टक्के सहज सापडण्याजोगे निघाल्याचे नोंदवले होते. म्हणजे लिंक्डइन ३३ वर्षे जुना धडा विसरली होती. चोरीचा खरा आकार तर २०१६ साली कळला: ११ कोटी ७० लाख पासवर्ड विक्रीला आले.

मग मीठ घातले की झाले? नाही. मीठ गुपित नसते, ते पिठाशेजारीच ठेवलेले असते. त्याने घाऊक दळण थांबते, एकेका खात्याचे नाही. झोमॅटोचे हॅश मीठ घातलेले एमडी५ होते. गिरणी वेगवानच राहिली. खरा उपाय गिरणी मुद्दाम मंद करण्याचा. नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड मॅझिएर्स यांनी १९९९ साली मांडलेले बीक्रिप्ट म्हणजे जाणूनबुजून बसवलेले जाते. त्याचा खुंटा किती घट्ट करायचा हे साइट ठरवते. १२ या पातळीवर तेच ४०९० कार्ड सेकंदाला जेमतेम चौदाशे दाणे दळते. २८८ अब्ज कुठे आणि चौदाशे कुठे! २०१५ साली खुल्या स्पर्धेत निवडलेले आर्गॉन२ याच्याही पुढे जाते. ते दर दळणाला भरपूर मेमरीही मागते, म्हणून शेकडो गिरण्या एका चिपवर मांडायचा बेत फसतो. ग्राहकाला लॉगिनसाठी अर्धा सेकंद थांबावे लागले तर त्याचे काही बिघडत नाही.

इथे एक उदाहरण टाळता येत नाही, कारण ते मंडनपक्षालाही जपून बोलायला लावते. ॲशले मॅडिसन या विवाहबाह्य भेटी जुळवणाऱ्या साइटचे ३ कोटी ६० लाख पासवर्ड-हॅश २०१५ साली फुटले. सगळे बीक्रिप्टचे, पातळी १२. तज्ज्ञ म्हणाले, हे फोडायला जन्म जातील. सायनोशुअर प्राइम या हौशी गटाने सोबत फुटलेला प्रोग्रॅम वाचला आणि पाहिले, की दुसऱ्याच एका कामासाठी कंपनीने दीड कोटीहून अधिक खात्यांचा पासवर्ड लहान लिपीत करून एमडी५मध्येही दळून ठेवला आहे. दहाएक दिवसांत १ कोटी १० लाखांवर पासवर्ड उघडे पडले. पुढे जाते आणि परसदारी गिरणी!

कंपन्यांचे झाले. ग्राहकाला आणि कर्मचाऱ्याला जो उपदेश केला जातो त्याची परीक्षाही व्हायला हवी. एक कॅपिटल, एक अंक, एक खूण घाला आणि दर ९० दिवसांनी बदला, हा नियम आपल्याकडच्या कितीतरी कार्यालयांत वेदवाक्य मानला जातो. त्याचे मूळ अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेच्या २००३ च्या एका परिशिष्टात आहे. ते लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ साली वॉल स्ट्रीट जर्नलला मुलाखत देऊन त्यातल्या बऱ्याच भागाचा पश्चात्ताप व्यक्त केला. त्याच वर्षी निस्टने सक्तीची मुदत आणि चिन्हांची सक्ती दोन्ही नको म्हणून सांगितले. कारण उघड आहे: दर तिमाहीला बदल मागितला की माणूस शेवटचा १ पुसून २ लिहितो, आणि २ लिहिणारा नियम चोराकडेही असतो. २०२५ च्या सुधारित मार्गदर्शनात, पासवर्ड हाच एकमेव पुरावा असेल तर तो किमान १५ अक्षरांचा हवा, असे आहे. भर खुणांवर नाही, लांबीवर.

‘ओटीपी असतो, मग पासवर्ड कसाही चालेल’ हा खास आपल्या अंगवळणी पडलेला पूर्वपक्ष. ओटीपी बँकेचे दार राखतो. पण तोच पासवर्ड ईमेलला, किराण्याच्या ॲपला आणि मुलांच्या क्लासच्या पोर्टललाही लावलेला असतो, आणि तिथे ओटीपी मागतातच असे नाही. झोमॅटोचे घर फुटले तेही असेच. कंपनीनेच पुढे सांगितले, की २०१५ साली ०००वेबहोस्ट या भलत्याच सेवेतून फुटलेला झोमॅटोच्या एका डेव्हलपरचा पासवर्ड, प्रोग्रॅमचा कोड ठेवण्याच्या गिटहब या सेवेतल्या त्याच्या खात्यालाही चालला. ड्रॉपबॉक्समध्ये २०१२ साली चोर शिरला तोही एका कर्मचाऱ्याने दुसरीकडचा पासवर्ड पुन्हा वापरल्यामुळे.

‘हॅश फोडल्याशिवाय निरुपयोगी’ हेही सर्वत्र खरे नाही. विंडोजच्या जुन्या जाळ्यात हॅश हीच किल्ली चालते. ‘पास द हॅश’ नावाने हा हल्ला १९९७ पासून माहीत आहे. त्याचाच चुलतभाऊ, म्हणजे संगणकाच्या मेमरीतून लॉगिनचे तपशील उचलून शेजारच्या यंत्रावर चालवणे, हा जून २०१७ च्या नॉटपेट्या या सायबर हल्ल्याचा एक हातखंडा होता. त्याची झळ मर्स्क या जहाज कंपनीच्या न्हावाशेव्यातल्या कंटेनर टर्मिनललाही बसली आणि तिथले काम अडकले.

मग करायचे काय? उत्तर फार थोर नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड, आणि तो माणसाने सुचवलेला नको, कारण माणसाला जे सुचते ते चोरालाही सुचते. आवडत्या गाण्याची ओळ किंवा पाठ असलेला श्लोक लांब असतो, पण यादीत सापडण्याजोगा असतो. ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून सहा शब्द उचलले, तर एनटीएलएमसारख्या वेगवान गिरणीतही त्या एका कार्डाला सगळ्या शक्यता दळायला सुमारे २४ हजार वर्षे लागतील. असा एक शब्दसमूह पासवर्ड मॅनेजरसाठी पाठ करावा, बाकीचे त्याने तयार करावेत. मॅनेजरवर विश्वास नसेल त्या आजोबांनी खुशाल वहीत लिहून कपाटात ठेवावे. वहीला हसणारे पुष्कळ आहेत, पण दूरदेशी बसलेला चोर ती वही वाचू शकत नाही.

पासवर्ड आधीच फुटला आहे का, हे ट्रॉय हंट यांच्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या सेवेत पाहता येते. ‘म्हणजे तिथे पासवर्ड टाकायचा?’ ही शंका रास्त आहे. तिथे पासवर्ड जात नाही. तो आपल्याच यंत्रावर एसएचए-१मध्ये दळला जातो, हॅशची फक्त पहिली पाच चिन्हे पाठवली जातात, त्या पाचांनी सुरू होणारे यादीतले सगळे हॅश परत येतात आणि जुळणी घरच्या घरी होते.

कंपन्यांना मात्र ‘हॅश केले होते’ एवढ्यावर सोडू नये. कोणती पद्धत, किती पातळी, मीठ वेगवेगळे होते का, जुन्या हॅशांचे काय केले, हे निवेदनात यायला हवे. झोमॅटोच्या त्या निवेदनात एक आकडा लक्ष देण्याजोगा होता. कंपनी म्हणाली होती, की आमचे ६० टक्के ग्राहक गूगल किंवा फेसबुकच्या खात्याने येतात, त्यांचे पासवर्ड आमच्याकडे नाहीतच. आज पासकी तेच काम कोणा तिसऱ्याविना करते: खासगी किल्ली वापरणाऱ्याकडे राहते आणि साइटकडे फक्त सार्वजनिक किल्ली असते. ती चोरून नेली तरी चोराला गिरणीत टाकायला काही मिळत नाही.