खाज थांबते, गजकर्ण पसरते

पंधरा-वीस वर्षांपूर्वी जांघेत किंवा कमरेवर गजकर्ण उठले, तर दोन-चार आठवडे साधे मलम लावून ते जायचे आणि माणूस ते विसरूनही जायचा. आज त्वचारोगतज्ज्ञांकडे येणारे कितीतरी रुग्ण सहा-सहा महिने, वर्ष-वर्ष हाच आजार अंगावर वागवत आलेले असतात. चट्टे जांघेतून मांड्यांवर, पोटावर, पाठीवर, कधी चेहऱ्यावरही पोहोचलेले असतात आणि घरातली लहान मुलेही खाजवत असतात. कारण विचारले की दमट हवा, घाम, घट्ट जीन्स आणि गर्दीची लोकल यांच्याकडे बोट दाखवले जाते. ही कारणे खोटी नाहीत. पण कोकणातला पाऊस आणि मुंबईचा घाम काही काल-परवा आलेला नाही. या साथीचे जे कारण आपल्या हातात आहे आणि तरीही आपण सोडून देतो, ते म्हणजे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारे मिश्र मलम. बुरशीनाशक, जंतुनाशक आणि तीव्र स्टेरॉइड अशी सगळी मोट एकाच ट्यूबमध्ये बांधलेली ही मलमे गजकर्णावर वापरणे थांबल्याशिवाय हा आजार आटोक्यात येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

गजकर्णाची बुरशी केराटिन या प्रथिनावर जगते. ते त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरात, केसांत आणि नखांत असते. बुरशी फारशी खोल जात नाही, ती कडेकडेने बाहेर सरकते. तिच्या मागोमाग शरीराची प्रतिकारशक्ती तिला हुसकावत येते. म्हणून चट्ट्याचा मधला भाग निवळलेला दिसतो आणि कड मात्र लाल, किंचित उचललेली, खपली धरलेली असते. ही लाली आणि खाज आपल्याला नकोशी वाटते, पण ती शरीराच्या प्रतिकाराचीच खूण आहे. स्टेरॉइड नेमका हा प्रतिकार दाबते. दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि माणसाला वाटते की मलम लागू पडले. घरात चोर शिरला असताना भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बांधावे, तसला हा आराम आहे. बुरशी तिथेच असते आणि आता तिला अडवणारे कोणी नसते. मलम बंद केले की खाज दुपटीने उसळते, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. असे काही महिने चालले की चट्ट्याची ओळखच पुसली जाते. कड फिकी पडते, कधी एका कड्यात दुसरे कडे दिसू लागते आणि निदान करताना अनुभवी डॉक्टरही अडखळतो. जांघेची त्वचा पातळ होते आणि तिच्यावर गरोदरपणात पोटावर पडतात तसे लांबट वण उमटतात. गजकर्ण बरे झाले तरी हे वण जात नाहीत.

अशी एखादी ट्यूब घरात असेल तर ती उजेडात धरून मागची बारीक अक्षरे वाचा. चार-पाच नावांच्या रांगेत क्लोबेटासोल प्रोपियोनेट हे नाव सापडेल आणि त्यापुढे ०.०५ टक्के असा आकडा असेल. एवढासा आकडा पाहून फसू नका. त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडच्या प्रतवारीत क्लोबेटासोल सर्वांत तीव्र गटात मोडते. सोरायसिससारख्या आजारात, जाड त्वचेवर, मोजक्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचे हे औषध आहे. जांघ, काख आणि चेहरा इथली त्वचा पातळ असते, घडीत औषध जास्त शोषले जाते आणि बहुतेक लोक ते नेमके तिथेच लावतात. क्लोबेटासोलऐवजी बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन किंवा मोमेटासोन दिसले, तरी तेही स्टेरॉइडच.

यावर एक वजनदार आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. आक्षेप असा की बदलली आहे ती बुरशीच, मलमांना उगाच दोष कशाला? हे अर्धे खरे आहे. आपल्याकडे आज गजकर्ण करणारी मुख्य बुरशी वेगळी आहे. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. ती माणसाकडून माणसाकडे पसरते, त्यामुळे घरातल्या कुत्र्या-मांजरांवर किंवा गोठ्यावर आळ घेण्यात अर्थ नाही. बुरशीला स्वतःचे आवरण बांधण्यासाठी एक विकर लागते आणि टर्बिनाफिन हे औषध त्या विकरावर बसून त्याचे काम बंद पाडते. या बुरशीच्या अनेक वाणांत त्या विकराचे जनुकच बदलले आहे, त्यामुळे औषध तिथे नीट बसत नाही. वाराणसीच्या डॉक्टरांनी २०० रुग्णांवर केलेली चाचणी २०२० मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजीत प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांच्या गोळ्यांनंतर इट्राकोनॅझोल घेणाऱ्यांपैकी ६६ टक्के, फ्लुकोनॅझोल घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के, टर्बिनाफिन घेणाऱ्यांपैकी २८ टक्के आणि ग्रिसिओफल्विन घेणाऱ्यांपैकी अवघे १४ टक्के बरे झाले. जुन्या पाठ्यपुस्तकांत टर्बिनाफिनचा दोन आठवड्यांचा कोर्स पुरेसा मानलेला होता, हे लक्षात घेतले की या आकड्यांचे गांभीर्य कळते. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या एका स्त्रीने परदेशप्रवास केलेलाच नव्हता, म्हणजे ही बुरशी तिथे रुजू लागली होती.

पण या माहितीतून स्टेरॉइडची सुटका होत नाही. स्टेरॉइडमुळे बुरशीचे जनुक बदलत नाही, हे मान्य. मात्र जो आजार महिन्याभरात संपायचा तो स्टेरॉइडमुळे वर्षभर अंगावर राहतो, मोठ्या भागावर पसरतो आणि घरातल्या चौघांना लागतो. त्या वर्षभरात रुग्ण धरसोड करत बुरशीनाशके घेत राहतो. भरपूर बुरशी, अपुरे औषध आणि दीर्घ काळ या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ज्या वाणाला औषध बाधत नाही तोच वाण टिकतो आणि तोच पुढच्या माणसाकडे जातो. बुरशी हट्टी झाली हे खरे असेल, तर तिला मोकळे रान देणारी मलमे लावण्याचे आपल्याकडे एक कारण कमीच झाले.

दुसरा आक्षेप गरिबीचा आहे आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. तालुक्याच्या गावी त्वचारोगतज्ज्ञ नसतो, जिल्ह्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. रात्रभर खाजवून हैराण झालेल्या माणसाने मेडिकलवाल्याला विचारले तर त्याचे काय चुकले? काहीच नाही. पण त्याला स्टेरॉइड द्यावेच लागते, हे मात्र खोटे आहे. साधे क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोलचे मलम त्याच दुकानात मिळते. बेंझोइक आणि सॅलिसिलिक आम्लाचे व्हिटफिल्ड मलम स्वस्त आहे, जुने आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत पूर्वी होते. जांघेच्या सोललेल्या त्वचेवर ते झोंबते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. झटपट गुण देणाऱ्या जालीम औषधाचा शोध आपल्याकडे जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात ‘गोवा पावडर’ गजकर्णावर विकली जायची. मूळची ती ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या गाभ्यातली भुकटी, पोर्तुगीजांच्या व्यापारातून गोव्यात आलेली. ती त्वचा भाजायची आणि कपडे डागाळायची.

कायद्याचे काय, असे वाचक विचारतील. त्वचेवर लावायची स्टेरॉइडे फार काळ चिठ्ठीच्या सक्तीतून सुटलेली होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने सतत पाठपुरावा केला आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडे अनुसूची एच या चिठ्ठीच्या सक्तीच्या यादीत घातली. त्याआधी मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्र औषधांवर बंदी आली होती, ती दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, फेरतपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. त्यांत क्लोबेटासोलची अनेक मिश्रणे होती. मात्र ही बंदी मिश्रणागणिक असते, घटक बदलला की यादीही अपुरी पडते. ट्यूबवर लाल रेघ आहे, चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा छापलेला आहे आणि काउंटरवर ती मागितली की मिळते. अन्न व औषध प्रशासनाने दुकानांची तपासणी करताना झोपेच्या गोळ्यांइतक्याच कडकपणे या ट्यूबांचाही हिशेब मागावा. आणि डॉक्टरांनीही ही मिश्रणे चिठ्ठीवर लिहिणे सोडावे, कारण दुकानदाराला विक्रीची वाट पुष्कळदा त्या चिठ्ठीनेच दाखवलेली असते.

आता उपचाराकडे येतो. मलम किती लावावे हे रुग्णाला कोणी सांगतच नाही. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून रेघ काढली तर ते सुमारे अर्धा ग्रॅम मलम होते आणि तेवढे मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चट्टे चार तळहातांएवढे असतील आणि मलम दिवसातून दोनदा लावायचे असेल, तर रोज दोन ग्रॅम लागते. म्हणजे १५ ग्रॅमची ट्यूब आठवडाभरात संपायला हवी. आपल्याकडे ती महिनाभर पुरवली जाते. मलम चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावावे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवावे. चट्टे मोठे असतील, पसरत असतील किंवा आधी स्टेरॉइड लावलेले असेल, तर पोटातून औषध लागते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे, कारण इट्राकोनॅझोल हृदय कमकुवत असलेल्यांना चालत नाही, इतर अनेक औषधांशी त्याचे जमत नाही आणि गरोदरपणात या गोळ्या टाळाव्या लागतात. शंका असेल तर चट्ट्याच्या कडेची खपली खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तपासणी साधी आणि स्वस्त आहे, ती मागून घ्यावी.

निदानाचा आग्रह आणखी एका कारणासाठी. प्रत्येक गोल चट्टा गजकर्ण नसतो. छाती-पाठीवरचे फिकट डाग शिब्यांचे असू शकतात, त्यांचे उपचार वेगळे. चट्ट्याला खाज नसेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर ती कुष्ठरोगाची खूण असू शकते. अशा माणसाने मलम न लावता सरकारी दवाखाना गाठावा, तिथे औषध मोफत मिळते.

घरात एकाला गजकर्ण असेल तर सगळ्यांची त्वचा पाहावी आणि ज्यांना आहे त्यांचे उपचार एकाच वेळी सुरू करावेत. टॉवेल, अंतर्वस्त्रे आणि अंथरूण वेगळे ठेवावे, कपडे गरम पाण्यात धुवावेत, पावसाळ्यात उन्हात वाळत नसतील तर शिवणीवरून गरम इस्त्री फिरवावी. कमरेचा करदोटा आणि मनगटाचा दोरा उपचार संपेपर्यंत काढून ठेवावा, कारण सतत ओला राहणाऱ्या त्या दोऱ्याखाली बुरशी टिकते. परकराची नाडी जिथे आवळली जाते तिथेही लक्ष द्यावे. आणि आज घरी गेल्यावर औषधांच्या डब्यातली ट्यूब काढून वाचा. त्यात क्लोबेटासोल असेल तर ती कोणालाही देऊ नका. महिनोन्‌महिने वापरत असाल, तर ती ट्यूब घेऊनच डॉक्टरांकडे जा आणि किती दिवस लावली ते न लपवता सांगा.