घासलेला दगड पुन्हा जुळत नाही

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात १८७८ साली उजेडात आलेल्या लुरे येथील गुहांमध्ये एक अपूर्व वाद्य आहे. पेंटॅगॉनमधील गणितज्ञ लेलंड स्प्रिंकल यांनी १९५४ मध्ये ते उभारावयास घेतले आणि सुमारे तीन वर्षे खपून ३७ अधोमुखी लवणस्तंभ सुरात आणले. ऑर्गनची पट्टी दाबली, की विजेच्या योगाने रबरी हातोडी स्तंभावर हलकेच आपटते आणि साडेतीन एकरांत विखुरलेले पाषाण बोलू लागतात.

यास ‘निसर्गाचे संगीत’ म्हणून गौरविले जाते, ते आम्हांस मान्य नाही. निसर्गाने हे सप्तक लावून ठेवले नव्हते. हवा तो स्वर लाभेपर्यंत स्तंभ घासले गेले. स्प्रिंकल यांच्या चिकाटीविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु तंबोऱ्याची तार तुटली तर नवी चढविता येते, जवारी बिघडली तर पुन्हा काढता येते. थेंबाथेंबाने हजारो वर्षांत घडलेला पाषाण एकदा झिजविला, की झिजविला.

गुहेत स्तंभ असंख्य आहेत, सदतीसांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. हंपीच्या विठ्ठल मंदिरातील सुरेल खांबांवर आघात करण्यास आज मनाई आहे. तेथेही एकेका टिचकीने काय बिघडणार, असेच प्रत्येकास वाटत होते. मानवाने घडविलेल्या दगडास आपण जपतो. मग जो आपण घडविलाच नाही आणि घडवूही शकत नाही, त्यास अधिक जपावयास नको काय?