महाग हेडफोन : किंमत सुरांची की शांततेची?

पुणे - बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत काही शे रुपयांना मिळणारा हेडफोन आणि मॉलमधील काचेच्या कपाटात मांडलेला तीस हजारांचा हेडफोन, दोन्ही गाणेच ऐकवतात. सोनीचा ‘डब्ल्यूएच-१०००एक्सएम५’ २०२२ मध्ये भारतात आला तेव्हा त्याची किंमत ३४ हजार ९९० रुपये होती. ॲपलचा ‘एअरपॉड्स मॅक्स’ २०२० मध्ये ५९ हजार ९०० रुपयांना आला. हिंजवडीत नव्याने रुजू झालेल्या अनेक अभियंत्यांचा महिन्याचा पगारही याहून कमी असतो. या पैशांत नेमके काय मिळते, हा प्रश्न म्हणूनच रास्त ठरतो.

अधिक सुरेल आवाज मिळतो, हे त्याचे सर्वमान्य उत्तर. ते मात्र फारसे टिकत नाही. अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २८३ हेडफोनची मोजमापे घेण्यात आली. खर्जापासून तारस्वरापर्यंतचे आवाज हेडफोन कोणत्या प्रमाणात ऐकवतो, याचा त्याच्या किमतीशी संबंध आढळला नाही. शिवाय मुळात ध्वनिमुद्रितच न झालेला सूर कोणताही हेडफोन निर्माण करू शकत नाही. सवाई गंधर्व महोत्सवात रमणारा पुणेकर रसिक जुन्या तबकड्यांवरील गायन ऐकू लागला, तर उत्तम हेडफोनमधून त्याला तबकडीची खरखरच अधिक स्पष्ट ऐकू येण्याचा संभव आहे.

महाग हेडफोनचा खरा गुण वेगळाच आहे, तो म्हणजे बाहेरचा गोंगाट कमी करणे. अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात ही कल्पना सुचली आणि त्यांच्या कंपनीचा अशा प्रकारचा हेडफोन २००० मध्ये सामान्य ग्राहकांसाठी बाजारात आला. हेडफोनमधील मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या नेमक्या उलट ध्वनिलहरी निर्माण करून तो शमवला जातो. बसच्या इंजिनाची किंवा वातानुकूलन यंत्राची सलग घरघर त्यामुळे जवळजवळ नाहीशी होते. अचानक वाजणाऱ्या कर्कश हॉर्नपुढे मात्र हे तंत्र तोकडे पडते. तेथे कानावरील जाड गादीच काय ती उपयोगी. पुण्याच्या रस्त्यांवर हॉर्नची उणीव नाही, हे खरेदीपूर्वी ध्यानात घेतलेले बरे!

तरीही या गुणाचे मोल मोठे आहे. भोवती गोंगाट असला, की ऐकणारा नकळत आवाज वाढवतो. प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज दोन-तीन तास कंपनीच्या बसमध्ये काढणाऱ्याला कमी आवाजात ऐकता येत असेल, तर या खर्चाचे समर्थन होऊ शकते. घरातल्या शांत खोलीत ऐकणाऱ्याच्या बाबतीत ते कठीण आहे. शिवाय नॉइज कॅन्सलिंगची सोय आता काही हजारांच्या हेडफोनमध्येही आली आहे. त्यांची परिणामकारकता कमी असते. पण किमतीत जितका फरक आहे, तितकी ती कमी असतेच असे नाही.

अडचण आहे ती बॅटरीची. बिनतारी हेडफोनमधील लिथियम बॅटरी काही वर्षांत क्षीण होत जाते आणि अनेक हेडफोनमध्ये ती ग्राहकाला सहज बदलता येत नाही. याउलट सेनहायझरचा ‘एचडी ६००’ हा तारेचा हेडफोन १९९७ पासून विकला जात आहे. त्याच्या गाद्या आणि तारही बदलता येते. फक्त त्याची पाठ खुली असल्याने तो लावून बसमध्ये बसल्यास शेजारच्या प्रवाशालाही तेच गाणे ऐकावे लागेल.