कळवळ्याची कसोटी

पाश्चात्त्य तत्त्ववेत्त्यांनी भावनांचा जो विचार केला, त्याच्या शेजारी देहूचा विचार ठेवून पाहिला पाहिजे, असे माझे मत आहे. यामागे केवळ गावाचा अभिमान नाही.

देकार्तचा भावनांवरील ग्रंथ १६४९ सालचा. तुकोबांचे निर्याणही त्याच सुमाराचे. दया म्हणजे दुःख आणि सद्भाव यांचे मिश्रण, असे देकार्त म्हणतो. ह्यूमने १७३९ साली सांगितले, की एकाची भावना दुसऱ्याच्या मनात उतरते. पण जो आपल्यासारखा, आपल्या जवळचा, त्याची अधिक उतरते. अ‍ॅडम स्मिथच्या मते (१७५९) दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहिल्यानेच त्याचे दुःख कळते. पण तोच पुढे म्हणतो, की चीनमध्ये भूकंपाने कोट्यवधी माणसे गेली तरी युरोपातला माणूस निवांत झोपेल. उद्या स्वतःची करंगळी जाणार असेल तर मात्र त्याला झोप येणार नाही. म्हणून तो मनातल्या निःपक्षपाती साक्षीदाराला हाक मारतो.

१६३० च्या दुष्काळात तुकोबांच्या घरातली माणसे गेली. घरी सावकारी होती. परंपरा सांगते, की धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. हे वैराग्य होते, सहानुभूती नव्हे, असे कोणी म्हणेल. असेलही, पण ऋणको मोकळा झाला तो खते बुडाली म्हणून. सावकार नुसता हळहळला असता, तर त्याचे देणे तसेच राहिले असते.

आज देहू, तळवडे, चाकण या पट्ट्यात मराठवाड्यातले, बिहारचे, ओडिशाचे कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. २०२० च्या टाळेबंदीत देशभर असे कितीतरी कामगार पायी गावाकडे निघाले. त्याच वर्षी तुकोबांच्या पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या आणि वारी चुकली म्हणून आपण हळहळलो. ती हळहळ खरी होती. पण ह्यूमचे म्हणणेही तिथेच खरे ठरते: वारकरी आपला, खोलीतला भाडेकरू परका.

ज्यांच्या खोल्या भाड्याने आहेत, त्या घरांतली पुष्कळ मुले आपल्या महाविद्यालयात शिकतात. तुकोबांचे नाव घेणाऱ्या घरात भाड्याची वही कशी लिहिली जाते, काम सुटलेल्या भाडेकरूचा एखादा महिना तरी तिच्यातून खोडला जातो का, हे त्यांनी आपल्या वडिलांना एकदा विचारावे.