दोन सूर्योदयांचा प्रवास: अंतर तेच, तास कोणाचे?

१/ श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील कोग्गला आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ यांच्यात सरळ हवाई अंतर सुमारे ५,६५० किलोमीटर. आजच्या जेट विमानाला ते ओलांडण्यास सात-साडेसात तास पुरतील. १९४३ मध्ये मात्र २७ ते ३३ तास लागत. ही तफावत म्हणजे तंत्रज्ञानाची प्रगती, असे सहज म्हटले जाते. ते अर्धेच उत्तर आहे.

२/ युद्धापूर्वी ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्यातील हवाई टपाल सिंगापूरमार्गे, टप्प्याटप्प्याने जात असे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि ही साखळी तुटली. मधले थांबे शत्रूच्या ताब्यात गेले. आता हिंदी महासागर एका दमात ओलांडणे भाग होते.

३/ १९४३ च्या मध्यास क्वांटास कंपनीने पाच कॅटलिना विमानांनिशी ही सेवा सुरू केली. पाण्यावर उतरणाऱ्या या विमानांना ताऱ्यांची नावे दिली होती: अल्टेअर, व्हेगा, रायजेल, अँटारेस, स्पायका. नावे समर्पक होती, कारण रेडिओ मौन पाळून वैमानिक ताऱ्यांच्याच आधारे दिशा ठरवीत.

४/ कॅटलिनाचा वेग ताशी जेमतेम २०० किलोमीटर. तिचे बळ पल्ल्यात होते. इंधनाचेच ओझे इतके, की तीन प्रवासी आणि सुमारे ६९ किलो टपाल यांपलीकडे काही नेता येत नसे. जपानी गस्तीचा टापू रात्री ओलांडता यावा, अशी उड्डाणाची वेळ ठरे. त्यामुळे एकाच प्रवासात दोनदा सूर्योदय दिसे. ‘डबल सनराइज’ हे नाव त्यातूनच रूढ झाले.

५/ यांपैकी एक उड्डाण ३२ तास ९ मिनिटे चालले. आज ही कथा बहुधा विक्रम म्हणून सांगितली जाते. पण विक्रमांच्या यादीत बसवले की या तासांचे कारण दिसेनासे होते. मधले मार्ग गमावलेल्या साम्राज्याने पराभवाची किंमत या तासांनी चुकवली. अंतर भूगोलाने दिले होते. वेळ राजकारणाने ठरवली.

६/ ती किंमत एकट्या साम्राज्याने मोजली नाही. कोग्गलाचा तळ उभारताना ब्रिटिशांनी तेथील गाव रिकामे करवले. सिंहली साहित्यिक मार्टिन विक्रमसिंघे यांचे वडिलोपार्जित घर त्यातून वाचले. आज तेथे संग्रहालय आहे. इतरांच्या वाट्याला विस्थापन आले. विमानातील प्रवाशांना दोन सूर्योदयांचे प्रमाणपत्र मिळे. घर सोडणाऱ्यांच्या वियोगाची अशी नोंद कोणी दिली नाही.

७/ १९४५ मध्ये सेवा थांबेपर्यंत २७१ फेऱ्या झाल्या आणि एकही विमान गमावले गेले नाही. वैमानिकांचे धैर्य निर्विवाद आहे. मात्र धैर्याचा गौरव करताना त्या धैर्याची गरज कोणी निर्माण केली, हे विसरणे म्हणजे इतिहास नव्हे.

८/ म्हणून कोणताही प्रवासकाळ वाचताना तीन प्रश्न विचारावेत. मधली वाट कोणाच्या ताब्यात होती? विमानात जागा कोणाला मिळाली? आणि तळाखाली गेलेली जमीन कोणाची होती? किलोमीटर नकाशावर मोजता येतात. तासांचा हिशेब मात्र माणसांपाशीच मागावा लागतो.